‘ठरलं’ म्हणजे कुणी ठरवलं? आमच्या कविता-ग्रुपमधलं एक प्रकरण

हे सगळं मागच्या वर्षीच्या पालखीपासून या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंतचं आहे. नावं कुणाचीच देत नाहीये, आम्ही एकमेकांना जी टोपणनावं ठेवलीयत तीच वापरते. कविता जिची आहे तिला विचारून इथे दिलीय. आणि यात चूक जास्त करून माझी आहे हे आधीच सांगते म्हणजे नंतर शोधत बसायला नको.

पार्श्वभूमी

कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये महिन्यातून एकदा रविवारी सकाळी आम्ही बारा-तेरा जण जमतो. चहा-पोहे आणि कविता. कुणी स्वतःची वाचतं, कुणी आवडलेली आणतं. मी अ‍ॅडमिन, म्हणजे हॉलची किल्ली आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझ्याकडे, याला सत्ता म्हणतात हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

यात महत्त्वाची माणसं चार. सर, शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, वृत्तं तोंडपाठ. मावशी, संस्कृतवाल्या, बोलतात कमी पण बोलल्या की पोहे खाणारे थांबतात. गझलवाला, बँकेत आहे, मतला (गझलेचा पहिला शेर) आणि काफिया (यमक) याच्याशिवाय त्याचं वाक्य संपत नाही. आणि धाकटी. वय सत्तावीस, हडपसरला राहते, आयटीत आहे, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान. तिची आई दरवर्षी माउलींच्या पालखीबरोबर दिंडीतून पंढरपूरपर्यंत चालत जाते.

पालख्या पुण्यात दोन रात्री असतात, ज्ञानोबांची भवानी पेठेतल्या ‘पालखी विठोबा’ मंदिरात आणि तुकोबांची नाना पेठेतल्या ‘निवडुंग्या विठोबा’ मंदिरात, आणि मग दोन्ही हडपसरपर्यंत जाऊन तिथून वाटा वेगळ्या होतात, एक दिवेघाटातून सासवडला, दुसरी लोणी काळभोरकडे. हे सगळं पुणेकरांना माहीत आहे, पण कवितेसाठी लागणार आहे म्हणून लिहिलं. पालख्या पुढे गेल्यानंतरच्या रविवारी धाकटीने ही वाचली:

आईच्या डोक्यावर तुळस, माझ्या डोक्यावर हेल्मेट,
पडायची भीती दोघींना.
दिवेघाटाखाली मी गाडी वळवली.
तिने मागे पाहिलं नाही.
पाहिलं असतं तर तुळस पडली असती.
पंढरपूरहून आली की
पाया पडत नाही मी तिच्या.
पाय चेपते.

मला वाचताक्षणी आवडली होती. हे मी त्या दिवशी बोलले नाही.

अडचण कशी सुरू झाली

आधी शांतता, मग कुणीतरी ‘छान’, मग अजून दोन ‘छान’. आमच्याकडे छान हा शब्द चहात साखर टाकावी तसा पडतो, चव बघायच्या आधीच. मग सर म्हणाले, “यात वृत्त कुठलं?” धाकटी म्हणाली मुक्तछंद आहे. सर म्हणाले, “मुक्तछंद म्हणजे छंद नसणं नव्हे, हे गद्य तोडून लिहिलंय.” त्यावर अर्धा तास. यमक नाही, लय कुठे आहे, प्रतिमा आहे का प्रतीक, तुळस हे प्रतीक धरलं तर हेल्मेट कशाचं. कुणीतरी विनोद केला की पुण्यात हेल्मेट हे सक्तीचं प्रतीक. हसलो.

मग सर म्हणाले, आणि हे टिपिकल आहे, “शिवाय पालखीच्या दिवशी तो रस्ता गाड्यांना बंद असतो. हिची गाडी दिवेघाटाखाली गेलीच कशी?” धाकटी म्हणाली, “मी चालतच गेले होते सर. गाडी कवितेत आहे.” सर म्हणाले, “म्हणजे खोटंच की.”

इथे थांबायला हवं होतं आणि थांबलो नाही. कारण यानंतर दोन मिनिटांत सरांच्या तोंडून खरी गोष्ट बाहेर आली, “मला ही कविता पटली नाही, वारीहून आलेल्या माणसाच्या पाया परकी माणसंसुद्धा पडतात, ही आईच्या पडत नाही, ही श्रद्धेची टिंगल आहे.” गझलवाला तावातावाने म्हणाला की तिचा विश्वास नसेल तर तिने काय अंधश्रद्धा पाळायची का, आणि खोलीत एकदम गार पडलं. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांना याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेव्हापासून अंधश्रद्धा हा शब्द पुण्यात कुणी सहज टाकला तरी तो सहज पडत नाही. वारीला अंधश्रद्धा कुणीच म्हणत नव्हतं, गझलवालाही नाही, पण शब्द तर बाहेर पडलेला. मी म्हणाले, “चला, चहा घेऊया.”

आता मागे वळून बघितलं तर त्या तासाभरात तीन-चार शब्दांनी घोळ घातला.

पहिला ‘पटली नाही’. मराठीत आपल्याकडे किती क्रियापदं आहेत यासाठी. कळणं, पटणं, आवडणं, रुचणं, भावणं, भिडणं, पोचणं. कविता कळली नाही ही एक तक्रार, कळली पण पटली नाही ही दुसरी, पटते पण भिडत नाही ही तिसरी. आपण सगळ्याला एकच वापरतो आणि समोरच्याला कळत नाही की दोष कवितेचा सांगतायत का तिच्या वागण्याचा.

दुसरा, श्रद्धा आणि विश्वास. विश्वास रिक्षावाल्यावरही ठेवतो आपण. श्रद्धा तशी नाही, ती ठेवायला समोरून काही हमी लागत नाही. आणि ‘मानणं’ हे तिसरंच. ‘देव मानत नाही’ म्हणजे तो आहे असं धरत नाही, ‘देवाला मानत नाही’ म्हणजे असला तरी ऐकत नाही. कवितेतली मुलगी यातलं काहीच म्हणत नाहीये, ती फक्त पाय चेपते. नास्तिक, अश्रद्ध, हे आम्ही तिला चिकटवलं.

तिसरा शब्द ‘मी’. त्याच्याबद्दल पुढे येतेच.

ठरलं

कवितेची मीटिंग संपल्यावर गेटपाशी पाच जण उभे होतो, धाकटी ऑफिसची कॅब पकडायला आधीच गेलेली. दरवर्षी 27 फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे कुसुमाग्रजांच्या वाढदिवसाला, मराठी भाषा गौरव दिनाचा आमचा एक छोटा प्रोग्रॅम असतो, सोसायटीतले लोक येतात, घरचे येतात. सर म्हणाले ही कविता तिथे नको, लोक दुखावतील, तिची आईसुद्धा येणार. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. मी मान हलवली, ती हो होती का ‘बघू’ होती हे मलाही माहीत नाही. सहा महिन्यांनी मी कार्यक्रमपत्रिका केली तेव्हा धाकटीच्या नावापुढे तिची दुसरी, पावसावरची जुनी कविता टाकली. छापून आणली. ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, “धाकटीची पावसाची कविता घ्यायची असं ठरलं आहे.”

तिचा मेसेज आला. “कुणी ठरवलं?”

दोनच शब्द. मी चाळीस मिनिटं फोनकडे बघत होते कारण मला उत्तर माहीत नव्हतं, आणि तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मराठी आपल्याला पळवाट देते ती इथे. ‘ठरवलं’ म्हटलं की कर्ता लागतो, मी ठरवलं, सरांनी ठरवलं. ‘ठरलं’ आपोआप होतं. दूध उतू गेलं, पेला फुटला, लग्न ठरलं. आमच्या घरी आयुष्यातले सगळे मोठे निर्णय असेच ठरलेले आहेत, कुणीच न ठरवता. निर्णय, निश्चय, निर्धार हे भारदस्त शब्द आपण भाषणात ठेवतो आणि घरात, सोसायटीत, ग्रुपवर ‘ठरलं’.

पर्याय काय होते

प्रोग्रॅमला नऊ दिवस होते. मी, मावशी आणि गझलवाला मावशींच्या घरी बसलो.

सगळ्यात सोपं म्हणजे धाकटीला फोन करून समजूत काढायची. मला तेच करायचं होतं खरं सांगते. मावशी म्हणाल्या, “समजूत काढायची म्हणजे तिने समजून घ्यायचं. आपण काय समजून घेणार?” तो पर्याय तिथेच संपला.

दुसरा, पत्रिका बदलून मूळ कविता घालायची. दीडशे कॉप्या छापलेल्या, पण पैशाचा प्रश्न फार नव्हता. प्रश्न हा होता की मग आता आम्ही तिघांनी ठरवलं असं होणार, पाच जणांऐवजी तीन, आणि तिला तेव्हाही विचारलं नाही आणि आताही नाही.

तिसरा गझलवाल्याचा, टोपणनाव. कविता वाचायची पण तिच्या नावाने नाही, दुसरं कुणीतरी वाचेल. मराठीत परंपराच आहे म्हणाला. आहेच, पण मावशींनी त्यात एक गंमत दाखवली. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, कृष्णाजी केशव दामले. कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा थोरला भाऊ. गोविंदाग्रजही तसेच. लपायला घेतलेलं नावसुद्धा आपण कुणाचे हेच सांगतं. संतांमध्ये बघा, जनाबाई स्वतःला नामयाची म्हणवते, सोयराबाईंच्या अभंगात कितीदा चोखोबाची बायको हीच सही असते. आपल्याकडे ओळख म्हणजे मुळात नातं. म्हणून तर “तुमची तिथे ओळख आहे का” असं विचारतात आणि त्याचा अर्थ कुणी ओळखीचं आहे का असा असतो.

हे मी फोनवर धाकटीला सांगितलं तर ती हसली, पण बरी हसली नाही. म्हणाली, “म्हणजे माझं टोपणनाव आईवरून ठेवायचं, आणि टोपणनाव कशाला तर आईला कळू नये म्हणून. आणि काकू, अभंगात शेवटच्या ओळीत नाव घालतात. काढत नाहीत.”

मग चौथा, जो केला. प्रोग्रॅमच्या आधीच्या रविवारी एक जादा बैठक, फक्त या कवितेवर, आणि धाकटी यायला तयार असेल तरच. ती म्हणाली येते, पण सर यायला हवेत. सरांना आणायचं काम माझ्याकडे आलं. तीन फोन आणि एक खेप घरी, त्याबद्दल लिहित नाही.

काय केलं

नियम मावशींनी घातले. एक तास ‘मला वाटतं’ म्हणायचं नाही. कारण वाटणं यात मत, भावना, अंदाज सगळं जातं, “मला वाटतं पाऊस येईल” आणि “मला वाईट वाटतं” आणि “मला वाटतं देव नाही”, तिन्हीला एकच शब्द. मत असेल तर मत म्हणा, दुःख झालं असेल तर तसं म्हणा. दुसरा नियम, कवितेबद्दल बोलताना कळली-पटली-आवडली-भिडली यातलं एक निवडायचं, आणि नाही असेल तर तेही. तिसरा, ‘ठरलं’ बंद.

पहिली वीस मिनिटं भयंकर गेली. दर वाक्याला कुणीतरी ‘मला वा...’ म्हणून थांबायचं आणि बाकीचे हसायचे. कंटाळून दोघं बाहेर जाऊन आले. एकाने ‘अस्मिता’ काढली, वारी ही मराठी अस्मिता वगैरे, तर मावशी म्हणाल्या योगसूत्रात अस्मिता पाच क्लेशांत मोजलीय, अविद्येच्या खालोखाल, मीपणा म्हणून, आपण तिचा झेंडा केला. त्यावर एक वेगळं भांडण झालं असतं, पण नियमाप्रमाणे ‘कविता भिडली का’ एवढंच विचारल्यावर तो माणूस म्हणाला हो, भिडली. अस्मितेचं काय झालं देव जाणे.

मग सर परत वृत्तावर गेले. आणि इथे गझलवाल्याने जे केलं त्यासाठी मी त्याचे सगळे काफिये माफ केले. तो म्हणाला, सर, मोठा अभंग चालेल ना, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. आणि पेपर नॅपकिनवर लिहून वाचलं:

आईच्या डोईला । तुळस हिरवी ।
मी गाडी फिरवी । घाटाखाली ॥

सर खुलले. बोटांवर अक्षरं मोजली. “आता कशी झाली कविता!” धाकटी म्हणाली, “आता पाय चेपायचं बसवा.” पाच मिनिटं लागली त्याला:

पाया ना पडते । पाय मी चेपते ।
आई ना बोलते । वाट चाले ॥

सरांनी परत बोटांवर मोजलं. बरोबर होतं. यमकही होतं. आणि सरांचा चेहरा पडला. कारण आता वृत्त नाही म्हणता येत नव्हतं. मावशींनी फार हळू विचारलं, “सर, वृत्त आहे. आता सांगा.” सर म्हणाले कळली, पटली नाही, आवडली... आणि मग म्हणाले, “लागली.” हा शब्द आमच्या यादीत नव्हता. ठेच लागते तशी लागली. त्यांनी घरातलं काहीतरी सांगितलं, मुलाचं, ते इथे लिहायचं नाही. एवढंच की त्यांच्या घरीही कुणीतरी पाया पडायचं थांबलंय आणि तिथे पाय चेपणंही नाही.

आणि त्यानंतर कुणीतरी, मला वाटतं मावशीच (बघा, आलाच शब्द), धाकटीला विचारलं, जे जुलैमध्ये बारा जणांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. “तू पडतेस का गं आईच्या पाया?”

ती म्हणाली, “पडते की. दरवर्षी. कवितेतली नाही पडत.”

काय झालं

लोकांना वाटेल मग तिने प्रोग्रॅममध्ये ती कविता वाचली आणि टाळ्या पडल्या. नाही वाचली. पावसाचीच वाचली, पण या वेळी तिने ठरवलं आणि तसं ग्रुपवर लिहिलं, “मी ठरवलं.” कारण तिने सांगितलं ते मला तेव्हापासून डोक्यातून जात नाही. तिच्या आईला कविता म्हणजे अभंग. त्यात तुका म्हणे म्हणजे तुकाच म्हणतो, दुसरं कुणी नाही. चारशे वर्षांपूर्वीचा देहूचा माणूस स्वतःच्या नावाने शब्दाला बांधील राहतो, हेच तर त्या कवितेचं बळ आहे आईसाठी. धाकटी म्हणाली, आईला मी वाचून दाखवलं ‘पाया पडत नाही मी’ तर ती विचारेल, मग पडतेस ते काय? कवितेतली मी वेगळी असते हे सांगायला निवेदक, काव्यगत मी असले समीक्षेतले शब्द आहेत, पण आईशी बोलताना वापरता येईल असा एकही तिला सापडला नव्हता. तो सापडेपर्यंत नाही वाचणार म्हणाली.

सर प्रोग्रॅमला आले, पुढच्या दोन बैठकांना आले नाहीत, मग आले. बैठकीत बसलेले दोघं जण ग्रुप सोडून गेले, त्यातला एक म्हणाला की कविता ऐकायला येतो, क्लासला नाही. त्याचं मला पूर्ण चूक वाटत नाही. क्रियापदांचे नियम रोज लावले तर कुणी कविताच आणणार नाही, म्हणून आता आम्ही ते फक्त गरम झालं की काढतो. एक वही मात्र राहिली, क्लबहाऊसच्या कपाटात, त्यात ‘लागली’ सरांच्या अक्षरात आहे.

परत केलं तर

गेटपाशी जे झालं तिथे मी “मी याच्या विरोधात आहे” एवढं म्हटलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. टळलं असतं म्हणजे भांडण जुलैमध्येच झालं असतं, जे फेब्रुवारीपेक्षा बरं, तेव्हा पत्रिका छापलेली नव्हती आणि कुणाची आई येणार नव्हती.

सरांची वृत्ताची हरकत मी तिथल्या तिथे तपासायला हवी होती, गझलवाल्याने सहा महिन्यांनी केलं तसं. अर्धा तास यमकावर बोलणारा माणूस यमकाबद्दल बोलतच नसेल असा संशय मला आला होता, पण सर मोठे, मी लहान, आणि मला स्वतःला वृत्तं नीट येत नाहीत, त्यामुळे गप्प बसणं सोपं होतं. उलट बाजूने, गझलवाल्यालाही मी अंधश्रद्धा शब्दावर थांबवायला हवं होतं, चहा हे उत्तर नव्हतं.

जादा बैठकीत सरांना दहा जणांसमोर एवढं उघडं व्हायला लागलं हे बरोबर झालं का, यावर माझं आणि मावशींचं एकमत नाही. त्या म्हणतात त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी म्हणते आम्ही एकेक दार बंद करत गेलो, मग माणूस उरलेल्या दारातूनच येणार. त्यांना आधी एकटं भेटून विचारायला हवं होतं, फक्त “या” म्हणायला गेले होते मी.

पुढच्या वर्षीच्या प्रोग्रॅमची पत्रिका धाकटीकडे दिलीय. तिने परवा ग्रुपवर टाकलंय की कुणाचीही कविता वगळायची असेल तर वगळणाऱ्याने नावासकट कारण लिहायचं, आणि पहिली सुरुवात अ‍ॅडमिनने मागच्या वर्षीपासून करावी. दोन निळ्या टिका दिसतायत तिला. उत्तर लिहून तीनदा खोडलंय.